धुतलेलं हाड

शेजारी सावजी मटण शिजलं की तर्रीच्या वासामागून मला एक कुजका वास आठवतो. आमचं कुत्र्याचं पिल्लू तेव्हा सहा महिन्यांचं होतं. त्याला तिखट लागू नये म्हणून बाबा दर रविवारी ताटातलं हाड अंगणातल्या नळाखाली दोनदा धुऊन त्याच्यापुढे ठेवायचे. मग त्याच्या तोंडाला असा वास सुटला की जवळ बसवेना. बाबा म्हणाले, "दात बदलून राहिले त्याचे." आई मला म्हणाली, "बाहेर बांध गा त्याले." मी त्याला त्याच नळाला बांधलं. दाराकडे बघत ते दिवसभर कण्हायचं. पुढे कण्हणंही थांबलं आणि दुधाची वाटी तशीच राहू लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जबडा उघडला आणि टाळूत आडवं अडकलेलं हाड चिमट्यानं काढलं. "मीच तं धुऊन देल्लं होतं," बाबा एवढंच बोलले. वास दोन दिवसांत गेला. आम्ही दोर सोडला, दार उघडं ठेवलं, हाका मारल्या. पण ते जगलं तितकी वर्षं उंबऱ्याबाहेरच बसलं. रविवारी मी अजूनही ताटातलं हाड दोनदा धुतो, आणि कचऱ्यात टाकतो.