अंतिम सामन्याचा पंच

आमचे भावोजी स्नूकरचे पंच. म्हणजे हिरव्या टेबलाशेजारी पांढरे हातमोजे घालून उभं राहायचं, गुण मोठ्याने सांगायचे आणि रंगीत चेंडू भोकात गेला की काढून परत जागेवर ठेवायचा. माणूस हाडाचा सज्जन आणि तितकाच कंटाळवाणा. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलंही होतं, "जरा बोलका शोध ना." तिने ऐकलं नाही.

त्यांचं खरं कसब मात्र निराळं. खेळाडू नेम धरायला वाकला की पंचाने त्याच्या नजरेत येता कामा नये, आणि आलाच तर हलता कामा नये. भावोजी असे उभे राहत, की ते तिथे आहेत हेच खेळाडू विसरत. सगळे त्यांना प्रेमाने 'पुतळा' म्हणत आणि भावोजींना ती पदवी वाटे. उभी हयात इमानेइतबारे काढली, पण अंतिम सामना काही वाट्याला आला नव्हता. निवृत्तीआधी एकदा तरी तो मिळावा, एवढाच त्यांनी ध्यास घेतला होता.

तोवर खेळालाच उतरती कळा लागली. प्रायोजक गेले, वाहिन्यांनी पाठ फिरवली, बक्षिसं आटली. प्रेक्षकांत आम्ही नातेवाईक, आणि घरी करमत नाही म्हणून येऊन बसणारे दोन म्हातारे. मग मंडळाने नवे अध्यक्ष आणले. गाण्याच्या कार्यक्रमांच्या धंद्यातला माणूस, वयाने माझ्याहून लहान. खेळ त्याला फारसा कळत नव्हता, पण रिकाम्या खुर्च्या कळत होत्या. मला तर तो मुळीच वाईट वाटला नाही. त्याने डाव छोटे केले, फटक्याला घड्याळ लावलं, दिवे आणले, निवेदक आणला. तिकिटं खपू लागली.

एके दिवशी त्याने भावोजींना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, तुम्हाला पुतळा म्हणतात ना? झकास! डाव संपला की गाणं लागेल, पब्लिक ओरडेल, 'पुतळ्या, हल!' आणि तुम्ही थोडं नाचायचं. जमवा, फायनल तुमची."

भावोजी आरशासमोर नाचायला शिकले. ताई स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची. मला आधी हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

अंतिम सामन्याला हॉल खचाखच भरला. पहिल्या डावानंतर भावोजी नाचले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. ताई माझ्याशेजारी मान खाली घालून बसली होती.

शेवटच्या डावात एकटा काळा चेंडू उरला. जो घालेल तो जिंकणार. खेळाडू वाकला. फटका सोपा होता, अगदी मीसुद्धा मारला असता असा. भावोजी समोरच्या बाजूला श्वास रोखून उभे. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "पुतळ्या, हल!" आणि मग सगळा हॉलच ओरडायला लागला. लोकांना गप्प करायचं तर हात वर करायला हवा होता, आणि हात वर करायचा तर हलायला हवं होतं. भावोजी हलले नाहीत. फटक्याची वेळ संपत आली होती. खेळाडूची नजर चेंडूवरून उठली, भावोजींवर गेली, परत खाली आली. त्याने फटका मारला आणि तो चुकला.

दुसऱ्याने काळा चेंडू घातला. गाणं लागलं. भावोजी नाचले.

हरलेला खेळाडू हात मिळवायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही दिसलात हो." त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अध्यक्षांनी भावोजींना कडकडून मिठी मारली. वाहिनीवाले परत येणार होते.

गाडीत ताईने विचारलं, "काय म्हणत होते अध्यक्ष?"

"पुढची फायनलही माझीच म्हणाले. निवृत्ती पुढे ढकलायचं बघतो म्हणाले."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हणालो," भावोजी म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले.