कानातल्याची सावली

आमचा मामा दातांचे एक्स-रे काढतो. आयुष्यभर त्याने दुसरं काही केलं नाही आणि दुसरं काही त्याला येतही नाही. ज्या दवाखान्यात तो काम करतो तिथेच मी बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटचे नंबर लावते. त्यामुळे सांगते आहे ते ऐकीव नाही.

दवाखान्यात त्याचं नाव पडलं होतं सावलीमास्तर. सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढणारं जुनं मशीन डोक्याभोवती फिरतं. त्या वेळी डोक्याच्या एका बाजूला काही धातू राहिला, तर त्याची एक फिकट, पसरट सावली दुसऱ्या बाजूला, जराशी वर उमटते. डाव्या कानातल्याची सावली उजव्या गालावर. दिसायला रोगासारखी, पण खोटी. म्हणून आधी सगळं काढून ठेवायला सांगतात. तरी कुणी ना कुणी विसरायचंच, आणि मामा फिल्म उजेडावर धरून म्हणायचा, "ही खोटी, सोडून द्या." त्याचं कधी चुकलं नव्हतं. कधीच चुकलं नव्हतं हेच वाईट झालं, असं आता वाटतं.

फिल्मच्या काळात मामाचा मुक्काम अंधाऱ्या खोलीत असायचा. लाल दिवा, औषधाच्या टाक्या आणि चिमट्यांना टांगलेल्या ओल्या फिल्म. तो आंबूस वास त्याच्या शर्टांना इतका चिकटायचा, की मामी त्याचे कपडे वेगळे धुवायची. मामी म्हणजे तोंडाचा पट्टा. नकला तर अशा करायची, की ज्याची नक्कल त्यालाच हसू आवरत नसे. मामाची नक्कल खास होती. खांदे पाडून, हनुवटी वर करून म्हणायची, "हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका. बायकोशी भांडण झालं असेल तरी हलू नका." मामा खोटं खोटं रागवायचा आणि पाहुणे आले की स्वतःच सांगायचा, "अगं, ते करून दाखव ना."

मग फिल्म गेली, कॉम्प्युटर आला. अंधाऱ्या खोलीत झाडू आणि रिकामी खोकी आली. मामाने तेही गिळलं. पण नवं मशीन आलं आणि त्याचं डोकं फिरलं. या मशीनचा हात डोक्याभोवती एक फेरी मारतो आणि आख्खी कवटी पडद्यावर उभी राहते. ती हवी तशी फिरवा, हव्या त्या बाजूने पातळ काप काढून आत बघा. एका हाडाची सावली दुसऱ्यावर पडायचा प्रश्नच नाही. म्हणजे सावल्या ओळखणाऱ्याची गरजही तेवढी कमी. मशीनबरोबर ते चालवायला शिकलेली एक ऑपरेटर आली. ती बिचारी मामाला मान देऊन वागायची. मामा तिच्या मशीनला काकडी कापायचं यंत्र म्हणायचा आणि त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही.

त्याच सुमारास मामीची उजवीकडची वरची दाढ दुखायला लागली. मामा तिला घेऊन आला. एका कानातलं निघालं. डावीकडची फिरकी मात्र घट्ट बसली होती, काही केल्या हलेना. मामीचा कान लाल झाला.

"अहो, राहू द्या ना. कान हातात येईल माझा," मामी म्हणाली.

"राहू दे. त्याची सावली कुठे पडते ते मला पाठ आहे."

ऑपरेटर दारात उभी होती. म्हणाली, "मास्तर, नव्या मशीनवर घेऊ या का?"

"साध्या दाढेसाठी एवढी किरणं कशाला? घरचं माणूस आहे."

कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. हे मला माझ्या टेबलावरून कळत होतं, तिलाही कळलं असणार. ती आपल्या मशीनकडे परत गेली.

जुन्या मशीनवरच्या एक्स-रेत उजव्या गालाच्या पोकळीवर पांढुरकं काहीतरी दिसलं. बरोबर तिथेच, जिथे डाव्या कानातल्याची सावली पडायला हवी. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवलं. "ती खोटी," मामा म्हणाला. बाईंनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दाढेवर इलाज केला. दुखणं काही दिवस दबलंही.

पुढे गाल सुजला, दाढ हलायला लागली. या वेळी ऑपरेटरने विचारलं नाही. पकड आणून कानातलं तोडूनच काढलं आणि मामीला नव्या मशीनमध्ये बसवलं. मामा पहिल्यांदा त्या खोलीत आला आणि पडद्यासमोर उभा राहिला. कानातलं नव्हतं, तरी सावली तिथंच होती. एकेक काप पुढे सरकत गेला. पोकळी गाठीने गच्च भरलेली, भोवतीचं हाड कुरतडल्यासारखं. मामा खाली बसला. त्याला पाणी मी दिलं, पण त्याच्याशी बोलावंसं मला वाटलं नाही. मला त्याचा राग आला होता. अजूनही अधूनमधून येतो.

मामी वाचली. त्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळू काढावी लागली. आधी आली असती तर एवढं काढावं लागलं नसतं, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. विचारलं होतं मामानेच. आता टाळूच्या जागी प्लेट बसवतात, तरी शब्द नाकातून निसटतात. नव्या माणसाला एक अक्षर कळत नाही. नकला संपल्या.

मामा नवं मशीन शिकला, त्याच ऑपरेटरच्या हाताखाली. खिशात तेलाची बाटली आणि बारीक पकड ठेवतो. कुणी "राहू द्या" म्हटलं की त्याचा चेहरा बघवत नाही. घरी तो मामीचं बोलणं आल्यागेल्याला समजावून सांगतो. मामी काही म्हणते, मामा म्हणतो, "चहा घे म्हणतेय." "बस म्हणतेय, घाई कसली."

मी वरचेवर जात राहिले, तसं मलाही तिचं बोलणं हळूहळू कळायला लागलं. हे मामाला ठाऊक नाही. परवा निघताना मामीने माझा हात धरला आणि मामाकडे बघत सावकाश म्हणाली, "यांना सांग, राहू द्या असं मीच म्हटलं होतं."

मी मामाकडे बघितलं.

"परत ये म्हणतेय," मामा म्हणाला, आणि माझ्या चपला पुढे सरकवायला खाली वाकला.