ते शिक्षा देतात

काशीत येऊन मला सोळा वर्षं झाली. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आले. मधे दोनदा सामान बांधलं, दोन्ही वेळा परत इथेच उतरवलं, तेव्हा मुकाट्याने इथली झाले. मूळची मी सांगलीची. इथल्या एका सरकारी रुग्णालयात, मनोविकार विभागात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून लागले. काही वर्षांनी तिथे एक वेगळं क्लिनिक निघालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भास व्हायला लागलेत, कानात कुणी बोलतंय, शेजारपाजारचे आपल्यावर टपलेत असं वाटतंय, अशा तरुण मुलामुलींसाठी ते होतं. दुखणं कोवळं असतानाच धरलं तर माणूस हाती लागतो. पहिली दोन-तीन वर्षं हातची गेली की मग नुसती निभावणी. हे आम्हाला शिकवलेलं होतं आणि माझा त्यावर विश्वास होता. अजूनही आहे, म्हणून हे लिहिणं जड जातं.

क्लिनिक म्हणजे ईसीजीच्या खोलीला लागून एक खोली. दारावर पाटी होती, तिच्यातलं 'प्रारंभिक' तेवढं वाचता यायचं, पुढचा रंग उडालेला. लोक आमच्याकडे प्रारंभी कधीच येत नसत. आधी झाडफूक, मग नवस, मग एखादे ओळखीचे डॉक्टर, ते 'कमजोरी है' म्हणून टॉनिक देणार, आणि सगळे हरले की आम्ही. त्यामुळे कुणी तीन-चार महिन्यांत आलं की मला सणासारखं वाटायचं.

इथल्या मराठी घरांतलं मराठी ही एक वेगळीच चीज आहे. ब्रह्मा घाट, बालाजी घाट या अंगाला पिढ्यानपिढ्या राहिलेली वैदिकांची, पुरोहितांची घरं. उंबऱ्याच्या आत मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि जिन्यावर दोन्हीची खिचडी. सुरुवातीला मी त्यात सपाटून आपटले. 'दवा खायची चेष्टा करते पण उलटी होते,' असं एक आई म्हणाली, तर मी त्या मुलीला औषधाची टिंगल करू नये म्हणून समजावत बसले. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पुढे एक काका मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, 'आम्ही याला उत्तम शिक्षा दिली, काही कसर नाही ठेवली.' मी ताठ झाले. मारहाणीने असली दुखणी कशी चिघळतात यावर त्यांना चांगलं पंधरा मिनिटं सुनावलं. ते बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, 'अहो, इंग्रजी शाळेत घातला होता.'

आमच्या विभागप्रमुखांनी हा किस्सा त्यानंतरच्या प्रत्येक निरोप समारंभात सांगितला. मी सगळ्यांबरोबर हसले, पण मला ते लागलं होतं. कानाला खडा लावला. शब्द गोळा केले, लोकांची बोलण्याची धाटणी उचलली, आणि चार-पाच वर्षांत अशी तयार झाले की कुणी मराठी कुटुंब आलं की बाकीचे मलाच हाक मारायचे. मला त्याचा तोरा होता. तो लपवण्याचा मी फारसा प्रयत्नही करत नसे.

ती आली तेव्हा बावीस वर्षांची होती. बी.एड. करत होती. वडील वेद शिकवणारे, घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची पाठशाळा. मी त्यांना गुरुजीच म्हणायचे. ते मला ताई म्हणत, वयाने पंचवीस वर्षांनी मोठे असूनही. मुलीने दोन महिन्यांपासून वर्गात जाणं सोडलं होतं, एकटीच पुटपुटायची, आणि बोलता बोलता मधेच थांबून ऐकत राहायची. दोनच महिने. मी मनात म्हटलं, ही आपल्याला मिळाली.

पहिल्या दिवशी ती माझ्याशी हिंदीत बोलली, दुसऱ्या दिवशी मराठीत. हे मी माझं यश मानलं. तिचा उजवा हात मांडीवर सारखा हलत असायचा. वर, खाली, मग थोडा बाजूला. गुरुजींच्या परंपरेत मंत्र म्हणताना स्वर हाताने दाखवतात, स्वर चढला की हात चढतो, उतरला की उतरतो. गुरुजी मला हळूच म्हणाले, 'आम्ही हिला कधी शिकवलं नाही, ताई. वर पोरं म्हणतात ते ऐकून आपोआप आलंय. एक जागी चुकत नाही.' त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. मला तो आवडला.

मी तिला विचारलं, 'काय ऐकू येतं?'

'म्हातारे लोक आहेत. चार-पाच. मी बोलते ते ऐकतात.'

'आणि?'

'शिक्षा देतात.'

'रोज?'

'रोज. दुपारी जास्ती.'

'तुला त्याचा त्रास होतो का?'

तिने जरा विचार केला. 'नाही. चूक तर माझीच असते ना.'

मी हसले. शिक्षिका होऊ घातलेली मुलगी, घरात पाठशाळा, कानात म्हातारे गुरुजी, ते शिकवतात आणि ही चुकते. सगळं कसं जागच्या जागी बसलं. फाइलमध्ये मी लिहिलं की आवाज उपदेश करणारे आहेत, घरच्या वातावरणाला धरून आहेत, त्यांचा जाच कमी आहे. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते की रुग्णाने कुठलाही शब्द वापरला तरी विचारा, 'म्हणजे काय?' शब्द अगदी ओळखीचा असेल तर दोनदा विचारा. मी एकदाही विचारलं नाही. मला कळलं होतं ना!

औषधं सुरू झाली. दीड महिन्यात ती झोपायला लागली, जेवायला लागली, वर्गातही जाऊन बसायला लागली. म्हातारे अजून येतात म्हणाली, पण लांबून. मी तिला आवाज आले की काय करायचं ते शिकवत होते, दिवसाचं वेळापत्रक करून देत होते, आणि खरं सांगायचं तर खूश होते. मग गुरुजी आले. 'ताई, ही दिवसभर सुस्त असते. इम्तहान तोंडावर आलाय. दवा थोडी कमी नाही का होणार?'

आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. औषध त्यांचं, पण आवाज कसले आहेत, धोका किती आहे, हे सांगणं माझं काम. मी फाइल उघडून माझीच टिपणी वाचून दाखवली. म्हटलं, आवाज निरुपद्रवी आहेत, परीक्षा बुडाली तर खचेल. त्यांनी गोळी निम्मी केली.

तीन आठवड्यांनी तिची आई तिला घेऊन आली. मुलीने उजवा हात तापलेल्या तव्यावर ठेवला होता. काढून घ्यावा लागला, ती स्वतः काढत नव्हती. ड्रेसिंगच्या खोलीत मी धावत गेले तेव्हा कंपाउंडर पट्टी बांधत होता आणि ती अगदी शांत बसली होती.

'हात उशिरा फिरवला म्हणून शिक्षा घेतली म्हणते,' आई म्हणाली. 'कोणी सांगितलं हिला असं? घरात कधी कोणी बोट नाही लावलं.'

मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, 'मी तर मॅडमना सांगितलं होतं.'

तिने सांगितलं होतंच. पहिल्या आठवड्यात, स्पष्ट मराठीत, माझ्या आजीने वापरला असता त्या अर्थाने. बी.एड.ला बसलेली, वर्गात रोज हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण असंच ऐकलेली मुलगी, पण मार खाण्याची गोष्ट सांगायला तिने घरचा शब्द काढला होता. आणि सांगलीची मी, काशीची होऊन बसले होते. अजून एक गंमत नंतर कळली. उच्चाराच्या शास्त्रालाही वेदवाले शिक्षाच म्हणतात. त्या घरात हा शब्द तीन अर्थांनी वावरत होता, आणि जो मला जन्मापासून येत होता तोच मी सोडून दिला. मला इतकी लाज आजवर कशाची वाटली नाही.

चार दिवसांनी त्यांच्या घरी गेले. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीतलं घर, अरुंद जिना, वरून पोरांचा पाठ ऐकू येत होता. गुरुजी पाठ सोडून खाली आले. त्यांचं ठरलं होतं. मुलीला नाशिकला मावशीकडे ठेवायचं, तिथे कुणी जाणकार होते, ते अशा मुलींना बरं करतात म्हणे.

'औषध मात्र बंद करू नका, गुरुजी,' मी म्हटलं.

'दवा खाऊनच तर हात भाजला ना, ताई.'

इथे मी बोलायला हवं होतं. औषधाने नाही, औषध निम्मं केल्यामुळे झालं. निम्मं केलं ते माझ्या सांगण्यावरून, आणि मी सांगितलं ते एक शब्द चुकीचा ऐकून. तीन वाक्यं होती. रिक्षात मी ती जुळवत आले होते. पण समोर त्यांचा चेहरा, आत भिंतीकडे तोंड करून निजलेली ती, आणि चहा घेऊन उभी आई. डोक्यात काय काय आलं. तक्रार होईल, चौकशी होईल, निरोप समारंभांना आणखी एक किस्सा मिळेल. हेही आलं, ते इथे लिहून टाकते. मी चहा घेतला, 'फोन करत जा' म्हटलं आणि जिना उतरले. फाइलमध्ये दुरुस्ती केली. फाइल कोण वाचतं?

फोन मीच करत राहिले. आई 'ठीक आहे' म्हणायची. पुढे फोन उचलेनात. दर महिन्याच्या बैठकीत तिच्या नावापुढे आम्ही 'संपर्क नाही' लिहीत होतो.

दोन वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, गुरुजी तिला घेऊन आले. तिने शाल पांघरली होती. बस म्हटलं की बसली. हात मांडीवर होता, तळव्याची कातडी गुळगुळीत, आकसलेली. तो हलत नव्हता. गुरुजी म्हणाले, वर्षभर बोलली नाही. घास पुढे केला तर खाते. मी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं. म्हातारे अजून येतात का, काय म्हणतात, दुखतं का. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. जवळजवळ तासभर मी तिच्यासमोर बसले होते. असे चेहरे मी जुन्या वॉर्डात पाहिलेत, वीस-वीस वर्षं दुखणं काढलेल्या बायकांचे. ते असे होऊ नयेत म्हणून तर आमचं क्लिनिक होतं.

नियमाप्रमाणे तिला आता आमच्या क्लिनिकमध्ये ठेवता येत नव्हतं. दुखणं नवं राहिलं नव्हतं. तिला मोठ्या ओपीडीत पाठवायचं होतं आणि त्या कागदावर माझी सही लागत होती. सही करण्याआधी मी पेन खाली ठेवलं आणि ती तीन वाक्यं बोलले. काही वगळलं नाही. शब्द कुठला, मी काय समजले, गोळी का कमी झाली, आणि घरी आले होते तेव्हा गप्प का बसले.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडतील अशी माझी तयारी होती, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

'म्हणजे दवेचा दोष नव्हता,' ते म्हणाले.

'नव्हता, गुरुजी. दोष माझा होता.'

हे त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते मुलीकडे वळले, तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली, आणि मला नाही, तिला म्हणाले, 'मग दोन वर्षं दवा मीच बंद ठेवली, बाळा.'