फ्लास्कच्या तळाची काळी भुकटी

धावड्याचा देवानंद कडूबा साबळे रसायनशास्त्रात डॉक्टर झाला, तेव्हा गावाला डॉक्टर म्हणजे नाडी बघणारा, एवढंच माहीत होतं. तो एसटीतून उतरला की कुणी ना कुणी मनगट पुढं करायचं. "मी धातूंचा डॉक्टर हाय," तो हसून सांगायचा.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तो ऱ्होडियमवर काम करी. सोन्याहून महाग असा हा धातू. त्याचं लालसर संयुग चिमूटभर टाकलं, की एरवी ढिम्म न हलणारी क्रिया हायड्रोजन मिळताच सुरू होई. चौऱ्याहत्तर साली देवानंदनं बनवलेलं एक संयुग असं काही झपाट्यानं चाललं, की त्यावरचा निबंध परदेशी मासिकात छापून आला. पाठोपाठ जर्मनीहून शिष्यवृत्तीचं बोलावणं आलं. धावड्याच्या बौद्धवाड्यात सत्कार ठरला.

निघण्यापूर्वी त्यानं सगळे प्रयोग पुन्हा लावले. फ्लास्कच्या तळाशी काळसर छटा होती. ती आधीही दिसली होती. मळ समजून त्यानं घासून टाकली होती. आता मात्र मनात शंका आली. क्रिया ऐन भरात असताना त्यानं आत पाऱ्याचा थेंब सोडला. पारा सुट्या धातूला निकामी करतो, संयुगाला सहसा धक्का लावत नाही. हायड्रोजन ओढला जायचा थांबला. वायू किती खपला ते दाखवणारं मोजनळीतलं पाणी जागचं हलेना. ताजं संयुग घेऊन पाहिलं, तरी तेच. म्हणजे काम त्याचं देखणं संयुग करतच नव्हतं. ते फुटून झालेली धातूची भुकटी करत होती, आणि अशी भुकटी काही नवी नव्हती. छापलेल्या निबंधाचा पायाच गेला.

त्याच्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जर्मनीला जाऊन ये. मग बघू. एवढ्यात कोण तपासतंय?"

देवानंद गावी आला. बायको प्रभावती अंबडच्या शाळेत शिक्षिका. सत्कारासाठी तीही आलेली. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"तुम्ही बोललात तर लोक काय म्हणतील, माहीत आहे ना?" ती म्हणाली. "यांना सवलती देऊन हेच व्हायचं, म्हणतील. हे तुमच्या एकट्याचं नाव नाही."

"माहीत आहे. पण उद्या दुसऱ्या कुणी हे शोधून काढलं तर?"

तिनं मान खाली घातली. मग म्हणाली, "तर आधी तुम्हीच सांगा. आणि असं सांगा, की कुणाला त्यात बोट घालायला जागा राहू नये."

दाराशी बसलेल्या त्याच्या बापाला, कडूबाला, यातलं अर्धंमुर्धंच कळलं. "लाउडस्पीकर सांगितलाय भोकरदनहून," तो म्हणाला.

"नको म्हणून सांग, बा. माझं काम चुकलंय."

कडूबानं पागोटं बांधलं आणि तो बाहेर पडला. घरोघर एकच सांगत गेला, "पोराचं काम आजून पुरं व्हायचंय. सत्कार मंग बघू."

देवानंदनं पाठवलेली अर्ध्या पानाची दुरुस्ती त्याच मासिकात छापून आली. सरांनी तिच्यावर आपलं नाव घालू दिलं नाही. जर्मनीहून सभ्य भाषेत नकार आला. प्रयोगशाळेतले लोक चहाला त्याला हाक मारीनासे झाले. तरी नेमणुकीची मुदत संपेपर्यंत देवानंद तिथंच राहिला, आणि संयुग नेमकं कधी आणि कशानं फुटतं, हे शोधत बसला.

शहात्तर साली जालन्याच्या कॉलेजात मुलाखत झाली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्याच्या निबंधांची यादी चाळली. "यातला सर्वांत चांगला कोणता?"

देवानंदनं दुरुस्तीवर बोट ठेवलं.

"हा तर तुमच्याच कामावर पाणी फिरवतो."

"हो. पण यातलं प्रत्येक वाक्य मी स्वतः पाडायला बघितलंय, पडलं नाही."

नोकरी मिळाली. जालन्यातच मस्तगडला दोन खोल्या घेतल्या. प्रभावती शनिवारी अंबडहून येई. कॉलेजात ऱ्होडियम कुठलं? सुट्टीत तो दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत जाऊन काम करी. त्यातून संयुग आणि भुकटी वेगळी कशी ओळखावी, यावर दोन निबंध झाले. फारसे कुणी वाचले नाहीत. बंगलोरहून एकानं लिहिलं, की ते वाचून आपण स्वतःच्या कामात वेळीच सावध झालो.

सरांशी मात्र पुन्हा बोलणं झालं नाही. काच कशी धरावी इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. दिवाळीला देवानंद त्यांना पत्र टाकी. उत्तर येत नसे, आणि पुढच्या दिवाळीला तो पुन्हा टाकी.