भिंगकाका आणि हेडवरचा आठ

भिंगकाका पहिल्यांदा आले तेव्हा दातांच्या डॉक्टरांना वाटले, नगरपालिकेने गटार तपासायला माणूस पाठवला. अंगात तेलाने कडक झालेला डगला, गळ्यात दोरीला बांधलेले बशीएवढे भिंग, आणि नजर अशी की समोरच्या तीन मजली इमारतीला वाटावे, आपण अनधिकृत आहोत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. फाटकातून सरळ गॅरेजात शिरले आणि गाडीखाली नाहीसे झाले. पाऊण तास त्यांचे फक्त दोन बूट दिसत होते. त्या बुटांना डॉक्टरांनी तीनदा चहा विचारला. चौथ्यांदा खालून आवाज आला, "कोण बडबडतंय?"

"मी. गाडीचा मालक."

"मालक वारले म्हणून ऐकलं."

"ते माझे वडील."

"मग तुम्ही वारस. मालकाला गाडी ठाऊक असते. मागचा डावा दरवाजा उजव्यापेक्षा नऊ दिवसांनी धाकटा आहे, माहीत होतं?"

डॉक्टरांना माहीत नव्हते. त्यांना फक्त एवढेच माहीत होते की या माणसाला हाकलता येणार नाही. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पहिली रांग 'जशीच्या तशी' म्हणून राखलेली असे. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी तिथे उभी राही, आणि शेजारच्या पाटीवर मूळ मालकाचे नाव. डॉक्टरांचे वडील जन्मभर सांगत आले होते, "माझ्या इंजिनाला पाना लागलेला नाही." पाहुण्यांना सांगितले, शेजाऱ्यांना सांगितले, शेवटच्या आजारात सुई टोचायला आलेल्या नर्सलाही सांगितले. त्यांचे नाव त्या पाटीवर लागावे, एवढे एकच डॉक्टरांच्या मनात होते. आणि त्या रांगेत कोण लागणार, हे एकटे भिंगकाका ठरवत.

भिंगकाकांची सगळी नोकरी याच गाड्यांचे लोखंडी भाग ओतणाऱ्या कारखान्यात गेली. तरुणपणी त्यांच्याकडे एकच काम होते: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला साच्यातला महिन्याचा आकडा बदलायचा, म्हणजे ओतलेल्या भागावर तो उठून येई. एकदा दोन दिवस विसरले. त्या दोन दिवसांतला एखादा भाग कुठे भेटला की त्यांना अजून घाम फुटे. एरवी ते दुसऱ्यांना घाम फोडत. एका वकिलाच्या गाडीला त्यांनी 'चार अपघातांचं स्नेहसंमेलन' म्हटले होते. एका बिल्डरला सांगितले होते, "तुमच्या गाडीत मूळची फक्त हवा आहे, तीसुद्धा पुढच्या उजव्या चाकातली." जेवायला बोलावले तर ताट उलटे करून मागचा शिक्का वाचत, म्हणून त्यांना जेवायला बोलावणे लोकांनी केव्हाच सोडले होते.

गाडीखालून निघून त्यांनी इंजिनावरच्या जड लोखंडी झाकणावर, म्हणजे हेडवर, बोट ठेवले. "हिथली तारीख रंगाखाली गेलीय. रॉकेलनं पुसून ठेवा. घासू नका. रविवारी येतो."

"मी दातांचा डॉक्टर आहे. सफाई मला शिकवू नका."

"दातांचे आहात म्हणूनच सांगतोय."

शनिवारी दुपारी डॉक्टर भिंगकाकांना मनसोक्त शिव्या देत हेड पुसत बसले. रंग सुटला. आधी सालाचा आकडा दिसला, तो बरोबर होता. शेजारी महिन्याचा आकडा वर आला: इंग्रजी आठ. ऑगस्ट. आणि गाडीवरच्या कारखान्याच्या पत्र्यावर ठसठशीत लिहिलेले, त्याच सालचा मे. मे महिन्यात निघालेल्या गाडीवर ऑगस्टमध्ये ओतलेले हेड! एक तर कारखान्याने काळ उलटा चालवला होता, नाहीतर वडिलांनी थाप मारली होती.

डॉक्टर स्टुलावर बसून राहिले. मग त्यांनी त्या आठाकडे किडक्या दाढेकडे बघावे तसे बघितले. इंग्रजी आठाची डावी बाजू वर-खाली थोडी कोरली की तीन होतो. मार्चमध्ये ओतलेले हेड मेच्या गाडीवर अगदी शोभून दिसेल. दवाखान्यातून त्यांनी कवळ्या घासायचे छोटे यंत्र आणले. चार मिनिटांत आठाचा तीन झाला. वर थोडी काजळी चोळली. इतके सुबक काम त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांच्या कवळीतही केले नव्हते.

रविवारी भिंगकाका आले. डॉक्टरांची आई नवऱ्याचे कौतुक ऐकायला मिळेल म्हणून खुर्ची टाकून गॅरेजात बसली होती. काकांनी आकड्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि उमटलेला ठसा उजेडात धरला.

"दातवाले, हा तीन कुणी केला?"

"केला म्हणजे? कारखान्यानं."

"कारखान्याचा तीन वरून सपाट असतो, फळकूट ठेवल्यासारखा. या हातांनी बसवलेत मी. तुमचा तीन गोल आहे, गोंडस आहे. केकवर शोभेल."

"माझ्या बाबांना खोटं पाडायला आलात तुम्ही! त्यांचा शब्द—"

"शब्द मला कळत नाहीत. मी आकडे वाचतो."

"आमचे बाबा जन्मात खोटं बोलले नाहीत!"

"कोण, हे?" आईला हसू आवरेना. "अरे, हेड बदललं तेव्हा टॉर्च मीच धरला होता. गाडी घेऊन पाच महिने होतात न होतात तोच तडा गेला. कंपनीचा माणूस नवीन हेड घेऊन घरी आला. तुझे बाबा म्हणाले, कंपनीचा पाना मोजायचा नाही."

"आणि इतकी वर्षं तू बोलली नाहीस?"

"त्यांच्याकडे मिरवायला एवढं एकच होतं. तेही काढून घेऊ?"

भिंगकाका एकदम आईकडे वळले. "म्हणजे आधी आठ होता? वहिनी, त्या साली मार्चचा ओतच बिघडला होता. मार्चच्या झाडून सगळ्या हेडना तडे गेले. कंपनीनं घरोघरी जाऊन बदलून दिली. ती बदली आम्ही मूळचीच धरतो. मेची गाडी आणि ऑगस्टचं हेड अशा सहा मी आजवर पहिल्या रांगेत लावल्यात. मार्चचं हेड शाबूत असलेली गाडी मात्र जगात एकच आहे. तुमच्या चिरंजीवांची."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टर ओरडले.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही चहा विचारलात."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "आठ पुन्हा भरून देतो. दाढेत चांदी भरतो तसा. ओळखूसुद्धा—"

भिंगकाकांनी भिंग उचलून डॉक्टरांच्या कपाळावर धरले आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवले. "शिक्का शोधतोय. असला माल कारखान्यात परत पाठवतात."

"नाही हो घेत परत," आई म्हणाली. "विचारून झालंय."

काकांनी खिशातून फॉर्म काढला, गाडीच्या बॉनेटवर टेकवून लिहिले, 'हेडवरील तारखेत फेरफार. अपात्र,' आणि चहा न घेता निघून गेले.

प्रदर्शन पुढच्या रविवारी झाले. पहिल्या रांगेत पाच गाड्या होत्या. डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखाना उघडा ठेवला आणि दोन दाढा काढल्या.