शाळेत लागल्याच्या क्रमाने उभे राहा

"मॅडम, हे लिंबू बाद. मी हात लावला," चमचा तोंडातून काढून घाग सर म्हणाले, आणि स्वतःच रेषेबाहेर जाऊन उभे राहिले.

शिक्षक दिनाची दुपार, शाळेचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. कोणी बघितलं नव्हतं, कोणी तक्रार केली नव्हती. स्वतःलाच आउट देणारा खेळाडू मी पहिल्यांदा पाहिला. शिक्षकांसाठी खेळ ठेवणं म्हणजे आचाऱ्याला जेवायला बोलावणं. जेवायचं सोडून मीठ किती पडलंय तेच बघत बसतो.

मी मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत मुख्याध्यापिका होते. दरवर्षी शिक्षक दिनाला आमच्याकडे ठरलेला कार्यक्रम असायचा. सकाळी दहावीची मुलं साड्या नेसून, टाय लावून वर्ग घेणार. दुपारी शिक्षकांना एक गुलाब, एक पेन, एक बटाटेवडा आणि संस्थेच्या सेक्रेटरींचं पाऊण तास भाषण. त्या वर्षी मीच म्हटलं, भाषण बास. खेळ घेऊ. बिचारे वर्षभर राबतात, एक दुपार हसू दे.

खरं सांगते, हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

दरवर्षी शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, सरकारकडे जाते. त्यावरून शाळेत किती शिक्षक ठेवायचे ते मंजूर होऊन येतं. त्याला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की पद कमी. पद कमी झालं की सेवाज्येष्ठता यादीत जो शेवटचा, तो 'अतिरिक्त' ठरतो. त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात. पगार चालू राहतो, शाळा जाते. आमच्याकडे कितीतरी वर्षांत भरतीच झाली नव्हती. त्यामुळे आमची सगळ्यांत 'ज्युनियर' शिक्षिका शेहेचाळीस वर्षांची होती. सुजाता साळवी. मराठी शिकवायची, गॅदरिंग बसवायची, आणि माझी मैत्रीण होती.

त्या वर्षी बारा पदांची अकरा झाली होती. ते फक्त माझ्या लॉगिनला दिसत होतं. मी सेक्रेटरींना फोन केला.

"ऑर्डर हातात येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," ते म्हणाले.

"सर, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन औषध देते ती. तयारीला वेळ तरी मिळेल."

"आणि ऑर्डर बदलली तर? मॅडम, तुम्ही आता स्टाफरूममध्ये नाही आहात."

ते मला कोणी सांगायला नकोच होतं. मुख्याध्यापिका झाल्यापासून मी डबा केबिनमध्ये एकटी खायचे. पलीकडे स्टाफरूममध्ये खिदळणं चालायचं. मी काही विचारायला गेले की लगेच चिडीचूप. 'या ना मॅडम, बसा ना मॅडम.' अरे, कालपर्यंत माझ्याच डब्यातली चटणी पळवत होतात ना! फार एकटं वाटायचं. फक्त सुजाता दार न वाजवता आत यायची. घरून परत येताना माझ्यासाठी वाटीभर काहीतरी आणायची, कधी काळ्या वाटाण्याची उसळ, कधी सोलकढी. टेबलावर ठेवून म्हणायची, "गीळ लवकर, घंटा होईल."

पंधरा दिवस मी ती वाटी खात होते आणि गप्प होते.

तर खेळ. मी वही घेऊन बसले. संगीत खुर्ची पहिल्यांदा खोडली. प्रत्येक फेरीला एक खुर्ची कमी करायची, आणि तीही आमच्या शाळेत? नको रे बाबा. माझं मलाच कौतुक वाटलं, किती विचार करते मी! लिंबू-चमचा ठेवला. शेवटी एक खेळ ट्रेनिंगमध्ये शिकवलेला घेतला. त्याला ते लाइन-अप म्हणायचे. सगळ्यांनी तोंडातून शब्द न काढता, खाणाखुणा करत, शाळेत लागल्याच्या क्रमाने उभं राहायचं. मग पहिल्यापासून सुरुवात. एकेकाबद्दल बाकीच्यांनी एकेक चांगली आठवण सांगायची. कौतुकाचं कौतुक, गंमतीची गंमत. ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या होत्या, ऑफिसातल्या लोकांना दहा मिनिटं लागतात आणि धमाल येते.

आमच्या लोकांना अर्धं मिनिटही लागलं नाही. खाणाखुणा नाहीत, गोंधळ नाही. जो तो नाकासमोर चालत जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

कसा लागेल वेळ? दरवर्षी त्या यादीवर सह्या करतात ना सगळे! प्रत्येकाला आपला नंबर पाठ. संगीत खुर्ची टाळली म्हणून पाठ थोपटून घेतली, आणि सेवाज्येष्ठता यादीच हॉलमध्ये उभी केली. वाट लागली.

हॉलमध्ये चिडीचूप. बोलायचं नाही हा नियम माझाच. त्या वेळी मी खिडकीकडे बघायला हवं होतं, वड्यांच्या ताटाकडे बघायला हवं होतं. मी रांगेच्या शेवटाकडे बघितलं. एखादा क्षण नाही, चांगलं बघत राहिले.

सुजाता हसत होती. माझ्याकडे बघता बघता तिचं हसू थांबलं. घाग सरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग एकेक मान वळली. तोंडातून शब्दही न काढता बारा माणसांना सगळं कळलं.

"चला, चला, आठवणी!" मी ओरडले. आवाज चिरका निघाला.

आठवणी सांगितल्या सगळ्यांनी. शिकलेली माणसं, वेळ मारून नेता येते त्यांना. अकरा जणांचं झालं. सुजाताचा नंबर आला आणि कोणी बोलेना. आठवणी नव्हत्या असं नाही, तिच्या तर पोत्याने होत्या. पण जे बोलावं ते निरोपाचं भाषण वाटलं असतं. शेवटी घाग सर म्हणाले, "साळवीबाईंबद्दल... आत्ता नको मॅडम." आणि सगळे वडे खायला गेले.

पाच मिनिटांनी सुजाता केबिनमध्ये आली. तिने दार लावून घेतलं.

"कधी कळलं तुला?"

"कशाबद्दल बोलतेयस?"

"वृंदा, खोटं बोलणाऱ्या पोरालासुद्धा मी एकच चान्स देते."

"पंधरा दिवस झाले."

ती खुर्चीवर बसली नाही. "मी जाणार हे मला दोन वर्षं माहीत आहे गं. शेवटचा नंबर माझाच आहे. त्याचं काही नाही. पण पंधरा दिवस मी इथे वाटी आणून ठेवत होते आणि तू खात होतीस?"

"सेक्रेटरींनी सांगितलं होतं, ऑर्डर येईपर्यंत..."

"आणि मी काय पेपरात छापून आणणार होते? सासूबाईंसाठी बाई शोधली असती. माणूस मिळायला महिना जातो मुलुंडात, तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. ती गेली.

आठवड्याभरात ऑर्डर आली. शाळा मानखुर्दची, तिथून मधल्या सुट्टीत घरी येणं शक्यच नव्हतं. लगेच हजर व्हायचं होतं. तिच्या सासूबाईंना गावी, देवगडला, नणंदेकडे पाठवावं लागलं. मी धावाधाव करून एक बाई शोधली होती. फोन केला तर म्हणाली, "झालीय सोय, थँक्यू." सासूबाई त्यानंतर मुलुंडला परत आल्या नाहीत. चार महिन्यांनी तिकडेच वारल्या. मला ते घाग सरांकडून कळलं.

पुढच्या वर्षी शिक्षक दिनाला मी खेळ घेतले नाहीत. सगळ्यांना दीड तास लवकर घरी सोडलं. शाळेच्या इतिहासात शिक्षकांचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, असं घाग सर म्हणाले. मी साडेपाचपर्यंत केबिनमध्ये बसले. लवकर घरी जाऊन करायचं काय?

आता रिटायर झालेय. अधूनमधून सुजाताला फोन करते. ती उचलते, बी.पी. विचारते, गुडघे विचारते. भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

गुपित सांभाळलं म्हणून सेक्रेटरींनी तेव्हा मला शाबासकी दिली होती. नियमाने मी बरोबरच होते. नियमाने बरोबर असलेल्या माणसाशी लोक चांगलं बोलतात आणि फोन लवकर ठेवतात. हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.