न्यूट्रल तुटली ती दुपार

मी सिग्नल्सचा माणूस. हवालदार म्हणून निवृत्त झालो. ईशान्येकडच्या एका टेकडीवर माझं पोस्टिंग होतं. रेडिओ रिलेचा सेट, एक जनरेटर, दोन बंकर आणि आम्ही सहा जण. खालच्या चौक्यांचे मेसेज आमच्यामार्फत पुढे जायचे. पावसाळ्याआधी तिथे जवळपास रोज दुपारी विजा कडाडायच्या. ड्रिल ठरलेली होती. गडगडाट दूर असतानाच सेट बंद, प्लग बाहेर, अँटेनाची वायर बाहेर. वीज डोक्यावर आली की कशालाच हात लावायचा नाही. अर्थ रॉडच्या मुळाशी रोज सकाळी पाणी ओतायचं, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग मिळत नाही. आम्हाला आंघोळ मिळो न मिळो, रॉडला मिळायची.

आता मी डोंबिवलीत, कोपरला राहतो. बिल्डिंग चार मजली. मिलिटरीवाला आहे, पाण्याचा पंप वेळेवर लावेल, या हिशेबाने लोकांनी मला सेक्रेटरी केलं. पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हणालो, अर्थिंग तपासून घेऊ.

तळमजल्यावरचे सावंत खजिनदार. ते म्हणाले, "अहो, सगळ्यांकडे स्पाइक गार्ड आहेत की."

"अर्थिंग नसेल तर तो नुसता एक्स्टेंशन बोर्ड, सावंत."

लोक हसले. विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

मे महिन्यात एका दुपारी खाडीकडून काळं आभाळ चढलं. मी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, "सगळ्यांनी टीव्ही, फ्रिज, राउटरचे प्लग काढा. टीव्हीची केबलसुद्धा." तीन-चार जणांनी अंगठा दाखवला. एकाने सॅल्यूट पाठवला. प्लग किती जणांनी काढले, देव जाणे.

मी जिन्यात उतरलो तेवढ्यात रस्त्यावरच्या बदामाची फांदी मोडून तारांवर पडली. जिन्यातला दिवा एकदम पांढराफटक झाला. सावंतांच्या घरातला पंखा हेलिकॉप्टरसारखा घोंगावायला लागला. समोरच्या घरातला बल्ब मात्र मिणमिणता. मी ओळखलं. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटली. अशा वेळी काही घरांत दोनशे तीसच्या जागी चारशेपर्यंत व्होल्ट जातात.

मेन स्विच मीटर रूममध्ये, चार पावलांवर. पण चौथ्या मजल्यावर कांबळे काकू ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. मेन पाडला की मशीन बंद. नाही पाडला तर मशीनच जळणार. मी त्यांच्या सुनेला, स्नेहलला फोन लावला. ती घोडबंदर रोडच्या ऑफिसात नोकरी करते, त्या दिवशी घरूनच काम करत होती.

"स्नेहल, मशीनचा प्लग काढ. काकूंना सिलिंडरवर घे."

"प्लग मघाशीच काढला, काका. दिवा भडकला तेव्हाच. सिलिंडर लावतेय... लावला. फ्लो दोनवर."

"काकू?"

"ठीक आहेत. विचारतायत, सिरियल लागेल ना?"

"मेन बंद करतोय."

"करा. ओव्हर."

वायरलेसवरचं ‘ओव्हर’ तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातात रबरी मोजे घातले, लाकडी पाटावर उभा राहिलो आणि मेन खाली ओढला. बिल्डिंग अंधारली. वरून काकूंचा खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ त्यांचं बोलणं. तेव्हाच मी पाटावरून उतरलो.

नुकसान मोजलं. सावंतांचा टीव्ही, तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्रिज, आणि आमचा टीव्ही. आमचा प्लग काढायला मीच विसरलो होतो.

"अख्ख्या बिल्डिंगला ऑर्डर दिलीत," बायको म्हणाली. "घरी कोण देणार होतं?"

मी जळालेल्या टीव्हीचा प्लग काढला.

पुढची मीटिंग जिन्यातच झाली. अर्थिंग नवीन केलं, मीटर रूममध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवला. सावंतांनी अर्थिंगच्या खड्ड्यापाशी नारळ फोडला, शिवाय लाऊडस्पीकर लावू का म्हणून विचारलं. काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. खोबरं चघळत त्या म्हणाल्या, "एवढं सगळं तुम्हाला शिकवलं कुणी हो?"

मग सांगितलं. दशरथ मोरे, हुद्दा नाईक, जावळीचा. विजांची ती ड्रिल मला त्यानेच शिकवली. आमच्या टेकडीवर फक्त तोच भजनं म्हणायचा, आणि इतकी बेसूर की कुक जनरेटर चालू करायचा. एक दिवस ढग डोंगराच्या पाठीमागून आले. गडगडाट आधी ऐकूच आला नाही. खालची एक पेट्रोल पार्टी, म्हणजे गस्तीची तुकडी, वाट चुकली होती, त्यांच्यासाठी सेट चालू ठेवणं भाग होतं. त्यांचा शेवटचा मेसेज घेतल्यावर दशरथ आम्हाला बंकरमध्ये पिटाळून अँटेनाची वायर काढायला गेला. वायर निघाली, आणि त्याच क्षणी वीज पडली. सेट शाबूत राहिला. पेट्रोल पार्टी सुखरूप परतली. दशरथ गेल्याचा मेसेज मी त्याच सेटवरून पाठवला.

काकूंनी नाकाची नळी नीट केली.

"काय नाव म्हणालात?"

"दशरथ मोरे."

"दशरथ मोरे," त्या म्हणाल्या, आणि खोबऱ्याचा एक तुकडा नव्या अर्थिंगपाशी ठेवला.